तोंड ओलं करण्यापुरतं पाणी

लाखनीच्या बसथांब्यावर परवा शिंगाडे दिसले. टोपलीवर ओलं पोतं अंथरलेलं होतं आणि त्याच्या कडेनं हिरवी-लाल शिंगं डोकावत होती. मागून एकामागून एक ट्रक जात होते. धूळ बसू नये म्हणून विकणारी बाई मधूनमधून ओंजळभर पाणी शिंपडायची. माझ्या मांडीवर साथरोगशास्त्राचं पुस्तक उघडं होतं. पुढच्या आठवड्यात पेपर आहे आणि 'तुलना गट' या शब्दाची व्याख्या काही केल्या पाठ होत नव्हती. शिंगाड्यांचा तो चिखलाचा, गोडसर वास आला आणि मी पुस्तक मिटलं. व्याख्या आठवली नाही. दोन वर्षांपूर्वीची कापणी आठवली.

दसऱ्यानंतर आमच्याकडे हलका धान पिवळा पडतो. भारी धान अजून हिरवा असतो, त्याला अवकाश असतो. हलक्या धानाच्या कापणीत पायाखालची माती ओली असते. सकाळी दव इतकं की बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरलेल्या बायकांच्या साड्या गुडघ्यापर्यंत भिजतात. नऊ-दहाला ऊन चढलं की कापून ओळीनं पसरलेल्या धानातून, म्हणजे कडपांतून, वाफ निघाल्यासारखा वास येतो. तो भाताचा नसतो आणि गवताचाही नसतो. मला तो अजून कुणाला नीट सांगता आलेला नाही. हॉस्टेलच्या खोलीत कधीतरी ओला टॉवेल उन्हात वाळताना तसा थोडासा येतो, आणि मग अभ्यासात लक्ष लागत नाही.

त्याच दिवसांत तलावात शिंगाडा तयार होतो. आमच्या गावच्या तलावावर सयामावशी शिंगाडा लावते. ती माझी सख्खी मावशी नव्हे, पण सगळं गाव तिला मावशीच म्हणतं. नवरा गेल्यापासून वेल लावणं, तोडणं, विकणं, सगळं ती एकटीच बघते. पहाटे डोंग्यात बसून ती तलावात शिरते, एका हातानं वेल उलटा करते आणि दुसऱ्या हातानं फळं तोडते. ऊन तापायच्या आत टोपली भरते. मग तलावाच्या पारेवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, खाली उतरून बांध्यांच्या कडेकडेनं गावात येते. कापणी करणाऱ्या बायका तिला वाटेतच अडवतात. शिंगाडा दातानं फोडायचा, टरफल धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, टाकायचं आणि पांढरा गर तोंडात. माझ्या लहानपणापासून कापणी म्हणजे हेच चित्र आहे.

त्या वर्षी मी दिवाळीच्या सुटीत घरी आले तेव्हा गावात पोटाची साथ होती. कुणाला उलट्या, कुणाला हगवण. आशाताई म्हणून काम करणारी ताराताई मीठ-साखरेच्या पुड्या घेऊन घरोघरी फिरत होती. मला मात्र, खरं सांगायचं तर, थोडा आनंद झाला होता. हे लिहिताना लाज वाटते. कॉलेजातल्या मॅडमनी सुटीचं काम दिलं होतं, गावातल्या एखाद्या आजाराची पाहणी करा, आणि माझ्यासमोर आयता आजार होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबांना माझ्या विषयाचं नाव म्हणता येत नाही, ते 'बिमारीचं गनित' म्हणतात. मला ते गणित करून दाखवायचं होतं.

मी ताराताईकडून आजारी माणसांची नावं घेतली. वहीत रेघा मारल्या. नाव, वय, कधी सुरू झालं, काय खाल्लं, घरी पाणी कोणतं पिता. पुस्तकात लिहिलं होतं की आधी तीन गोष्टी बघायच्या: कोणाला, कुठे, केव्हा. मी अगदी तशीच निघाले. पहिल्या घरी काय खाल्लं विचारलं तर भात, वरण, वांग्याची भाजी, आणि शिंगाडे. दुसऱ्या घरी शिंगाडे. तिसऱ्या घरी शिंगाडे. पाण्याच्या रकान्यात सगळीकडे एकच उत्तर: नळाचं. नळाचं पाणी तर सगळं गावच पितं, म्हणून मी तो रकाना सोडून दिला. चौथ्या-पाचव्या घरापासून मी 'काय खाल्लं' असं विचारणंही सोडलं. सरळ विचारू लागले, "शिंगाडे खाल्ले का?" लोक म्हणायचे, हो. आणि मी बरोबरची खूण करायची.

त्या खुणा एकाखाली एक अशा सुंदर दिसत होत्या. अजून ती वही माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गेले. नळावर बायकांची रांग होती. ताराताईनं सहज विचारलं, "काय वो, काई समजलं का तुले?"

मी म्हणाले, "सगळ्यांनीच शिंगाडे खाल्ले होते, ताई. बहुतेक त्यानंच झालं असेल."

'बहुतेक' म्हणाले होते. मला नक्की आठवतं. पण भरलेली घागर घरी पोचेपर्यंत 'बहुतेक' वाटेत सांडून गेलं होतं. दुपारी शेजारची काकू आमच्या ओट्यावर येऊन आईला सांगत होती, "शिंगाड्यानंच होऊन रायलं म्हन्ते. कॉलेजातली पोरगी बोलली. शिकेल पोरगी खोटं कायले सांगन?"

"कोनाची पोरगी?" आईनं विचारलं.

"तुयीच त!"

आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी अभिमान होता. मग तिनं विचारलं, "मंग सयाचं कसं होईन आता?"

मी त्याचा विचारच केला नव्हता.

सयामावशी त्या दिवशी भरलेली टोपली घेऊन गावभर फिरली आणि तशीच परत निघाली. मी दारात होते. तिला काही कळलं नसावं, किंवा कळूनही ती माझ्याशी नेहमीसारखी बोलली. "आज कोनी हाकच नाई मारली वो. गावाचं तोंड कडू झालं का?" ती हसली. दुसऱ्या दिवशी तिला कळलं. तिसऱ्या दिवशी ती तलावात उतरलीच नाही. कुणीतरी म्हणालं की पुढच्या वर्षी तलावात शिंगाडा लावूच द्यायचा नाही, पंचायतीत बोलायचं. वर्षाचं पीक ते एवढंच, दीड-दोन महिन्यांचं.

शिंगाड्याची एक गोष्ट मला तेव्हा आईनं सांगितली. पिकलेला शिंगाडा तोडणाऱ्याची वाट बघत नाही. चार-पाच दिवसांत हात फिरला नाही तर तो देठ सोडतो आणि तळाच्या चिखलात जाऊन बसतो. वरून वेल हिरवागार दिसतो, पण खाली फळ नसतं. त्या संध्याकाळी मी पारेवर गेले होते. तलाव अगदी शांत होता, हिरव्या पानांनी भरलेला, आणि डोंगा काठाला पालथा पडलेला. मला काही ऐकू येत नव्हतं, पण सारखं वाटत होतं की आत्ता एक सुटलं, आत्ता अजून एक.

मॅडमना फोन केला. मी सगळं सांगितलं, वही समोर ठेवून, क्रमानं. मला वाटलं त्या शाबासकी देतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ज्यांना काही झालं नाही, त्यांनी काय खाल्लं होतं?"

मी वहीची पानं उलटून बघितली.

"तुझ्या वहीत फक्त आजारी माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "त्या सगळ्यांनी भातही खाल्ला असेल. मग भातानं झालं असं का नाही म्हणालीस?"

मॅडम रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बांधीत, शिंगाड्याच्या दिवसांत, शिंगाडा न खाल्लेला माणूस शोधून सापडला नसता, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पण ते माहीत असलेली मुलगी मी घरी ठेवून, पुस्तक घेऊन बाहेर पडले होते.

मग मी पुन्हा निघाले, या वेळी धडधाकट माणसांकडे. हे काम आजाऱ्यांना विचारण्यापेक्षा अवघड असतं. आजारी माणसाला कुणी विचारलं की बरं वाटतं. धडधाकट माणूस भितो. शंकरकाका खाटेवर बसून बिडी ओढत होते. मी नाव लिहायला लागले तर ताडकन उभे राहिले.

"मले काय झालं? मले काहून लिवते?"

"काही झालं नाही म्हणूनच लिहिते, काका."

"म्हंजे आता होईन का?"

आतून काकू ओरडली, "लिव वो पोरी, लिव! कामधंदा काई नाई, नुसता खाते म्हून लिव त्याच्या नावापुढं!"

मी लिहिलं: शिंगाडे खाल्ले, रोज, पुष्कळ. आजार नाही. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. दुसऱ्या बाजूच्या खुणा वाढत गेल्या, आणि पहिल्या दिवशीच्या त्या सुंदर खुणांचा अर्थ हळूहळू पुसला गेला. दोन्हीकडे सारख्याच खुणा असतील तर ती खूण काहीच सांगत नाही, हे मला पुस्तकातल्या पानापेक्षा शंकरकाकांच्या अंगणात जास्त समजलं.

पण त्याहून मोठी गोष्ट दौलतबुवाकडे कळली. दौलतबुवा तलावाखालच्या बांध्यांवर कापलेल्या धानाची राखण करतो. तो माझ्या पहिल्या यादीत होता, दोन दिवस हगवणीनं आडवा पडलेला. त्याच्या नावापुढं 'शिंगाडे' या रकान्यात बरोबरची खूण होती. मी फक्त खात्री करायला गेले.

"बुवा, शिंगाडे किती खाल्ले होते?"

त्यानं तोंड उघडून दाखवलं. वर दोन दात होते, खाली एकही नव्हता. "कायनं खाऊ? हिरड्यानं? चार सालं झाले पोरी, शिंगाडा नुसता पायतो."

मी वही बघितली. खूण माझ्याच हातची होती. मी त्याला विचारलंच नव्हतं. आधीच्या सगळ्यांनी हो म्हटलं होतं, तर हाही हो म्हणणार, म्हणून परत जाताना खूण केली होती. त्या एका खुणेकडे बघताना माझे कान गरम झाले. बाकीच्यांनी तरी मला उत्तर दिलं होतं. हे उत्तर मी स्वतःच दिलं होतं.

त्या दुपारी आई कापणीवरून लवकर घरी आली होती. ती पायातले काटे काढत बसली होती. मी तिच्यासमोर वही टाकली आणि म्हणाले की मला हे जमणार नाही. आईनं पुढचा काटा काढला. मग माझ्या लक्षात आलं की आजारी न पडलेलं एक माणूस माझ्यासमोर बसलं आहे आणि त्याला मी काहीच विचारलेलं नाही.

"आई, तू पाणी कोणतं पितेस?"

"नळाचं. तुले नाई मालूम?"

"बांधीत?"

"बांधीत कुठी पानी पेतो आमी?"

"दिवसभर पीत नाही? उन्हात?"

"ते का पेनं झालं? ते त तोंड वलं करनं होय." ती सहज म्हणाली. "जे जवळ असन ते. आमच्या टोळीले बोरिंग जवळ पडते. तलावाखाल्च्या टोळीले ते बुवाजवळची विहीर."

तोंड ओलं करणं. हा शब्द मी जन्मापासून ऐकत आले आहे. पिणं म्हणजे घरचं, भरून ठेवलेलं, पाहुण्याला देतो ते. शेतात काम करता करता घशाखाली जातं ते पिण्यात धरत नाहीत. त्यात थांबणं नसतं, बसणं नसतं, त्याला भांडंही धड नसतं. म्हणून माझ्या प्रश्नाला कुणी खोटं बोललं नव्हतं. 'घरी पाणी कोणतं पिता' याचं खरं उत्तर नळाचं असंच होतं. चुकीचा प्रश्न मी विचारला होता, आणि तोही पुस्तकातल्या भाषेत.

तिसऱ्यांदा घरोघरी गेले तेव्हा मी विचारलं, "कापणीत तोंड कुठं वलं केलं?" आणि लोक बोलू लागले. जे आजारी पडले होते ते जवळजवळ सगळे तलावाखालच्या टोळीतले. दौलतबुवा तिथलाच. बोरिंगजवळच्या टोळीत शिंगाडे तितकेच खाल्ले होते आणि पोट बिघडलेलं कुणीच नव्हतं. परतीच्या पावसात त्या विहिरीची एक बाजू खचली होती आणि बांध्यांतलं पाणी थेट आत उतरत होतं, हेही मग कळलं. मावशीची वाट त्याच विहिरीवरून जायची. शिंगाडा आणि विहीर एकाच धुऱ्यानं चालत होती. मला दोघांपैकी जी टोपली घेऊन चालत होती, तीच दिसली.

मॅडम फोनवर म्हणाल्या, "छान. पण अजूनही 'विहिरीनं झालं' असं नळावर जाऊन सांगू नकोस. संबंध दिसतो आहे एवढंच म्हण. पाणी तपासू दे." ताराताईनं आरोग्य केंद्रात कळवलं. तिथली माणसं आली, बाटलीत पाणी घेऊन गेली, विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकली. पुढं तपासणीत पाणी पिण्यालायक नाही असंच आलं. टोळी घरून कॅन नेऊ लागली आणि साथ उतरली.

नळावर मात्र मला जावंच लागलं. विहिरीचं सांगायला नाही. मी म्हणाले, "शिंगाड्याचं मी चुकीचं बोलले होते. न विचारता खूण केली होती." आवाज इतका बारीक निघाला की मागच्या बाईनं विचारलं, "काय म्हन्ते वो ते?" मला ते पुन्हा म्हणावं लागलं. कुणी हसलं, कुणी घागर उचलून निघून गेलं. ती गोष्ट पहिल्या गोष्टीइतकी वेगानं पसरली नाही. दोन दिवस आई टोळीत सगळ्यांसमोर शिंगाडे फोडून खात होती, तेव्हा कुठं बायकांनी पुन्हा मावशीला हाका मारायला सुरुवात केली. तोपर्यंत दोन तोडे चिखलात गेले होते.

मी तिच्याकडेही गेले होते. ती डोंगा सरळ करत होती. मी जे बोलायचं ते बोलले. तिनं ऐकलं, वेलाचा एक तुटका तुकडा पाण्यात फेकला आणि म्हणाली, "ऊन चढून रायलं, जाऊ दे मले." एवढंच. ती तलावात शिरली आणि मी पारेवर उभी राहिले.

तेव्हापासून कुठलाही अभ्यास वाचताना मी आधी बघते की आजारी न पडलेली माणसं त्यात कुठं आहेत. छेदात, म्हणजे एकूण माणसांत, कोणाला धरलं, कोण राहिलं. हे हुशारीनं होत नाही, सवयीनंही नाही. भीतीनं होतं. कागदावरची प्रत्येक खूण कुणाच्या तरी टोपलीवर जाऊन बसते, अशी मला भीती वाटते. ही भीती चांगली की वाईट ते माहीत नाही. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, राहू दे थोडी.

परवा बसथांब्यावरून मी कॉलेजात गेलेच नाही. उलट दिशेची गाडी पकडली आणि गावी आले. हलका धान निम्मा कापून झाला होता. मावशी पारेवर टोपलीतल्या फळांतून कच्ची वेगळी काढत बसली होती. मला बघून म्हणाली, "आली का लिवनारी!" गेल्या वर्षीपासून ती मला याच नावानं हाक मारते. तिनं चार शिंगाडे माझ्या हातात दिले. मी दातानं एक फोडला. गोड पाणी हनुवटीवरून ओघळलं.

"खाल्ला म्हून लिवजो," ती म्हणाली. आणि मग, हात न थांबवता, "एक इचारू का वो? त्या साली तू साऱ्या गावाले इचारलं. शंकऱ्याले इचारलं, त्या बोडक्या तोंडाच्या दौलतले इचारलं. मले काहून नाई इचारलं?"

मला कळलं नाही ती काय म्हणते आहे.

"सगळ्यात जास्त शिंगाडे त मीच खाल्ले ना. सकाळी उठून तेच, दुपारी तेच. कोनी घेत नोतं तवा त नुसते तेच. मले काई झालं का? पैल्या दिवशी मले इचारती त तवाच सांगतली असती."

मी शिंगाडा खाली ठेवला. तीन वेळा गाव फिरले होते. तिच्या दारावरून तीनही वेळा गेले होते. ज्याच्यावर आळ आहे त्यालाच विचारायचं असतं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

पिशवीत ती जुनी वही होती. अभ्यासाला म्हणून जवळ ठेवते. मी मागच्या पानांवर गेले, जिथं काही न झालेल्यांची नावं होती. शेवटच्या ओळीखाली थोडी जागा होती.

"नाव सांग," मी म्हणाले.

"मालूम नाई का तुले?"

"विचारल्याशिवाय लिहीत नाही आता."

ती हसली. टोपली बाजूला सरकवली आणि पदराला हात पुसले. "सयाबाई लिव. मावशी नोको लिवू."

"वय?"

"टाक ना तुयाच अंदाजानं."

"अंदाजानं नाही टाकायचं, मावशी."

"मंग थांब," ती म्हणाली. तलावाकडे तोंड करून, बोटांवर काहीतरी मोजत, ती आठवू लागली की पार फुटली त्या साली ती केवढी होती. मी पेन धरून बसले.